सहा चाकांच्या टिरेलची पुढची चार चाके

टिरेल पी-३४ या फॉर्म्युला वन गाडीचे १:१० प्रमाणातले, रेडिओ कंट्रोलवर चालणारे मॉडेल माझ्या हातून अखेर पूर्ण झाले. मूळ गाडी डेरेक गार्डनर यांनी आखली होती आणि ती १९७६ व १९७७ या दोन हंगामांत धावली. पुढची मोठी चाके हवेला अडवतात आणि गाडीचे नाक उचलू पाहतात. म्हणून ती नाकाच्या आडोशाला मावतील इतकी लहान करावीत आणि त्यामुळे घटणारी पकड दोनाऐवजी चार चाके लावून भरून काढावी, हा त्यांचा विचार होता. १९७६ मध्ये स्वीडनच्या अँडरस्टॉर्प ट्रॅकवर ही गाडी चालवणाऱ्यांपैकी जोडी शेक्टर हा चालक पहिला आणि त्याचा सहकारी पॅट्रिक देपाये दुसरा आला. सहा चाकांच्या गाडीने जिंकलेली फॉर्म्युला वनची ही एकमेव शर्यत.

हा विचार किती धाडसी होता, हे मला पुढचा भाग जोडताना कळले. चारही चाके वळतात, पण सारख्या कोनातून वळून चालत नाही. माझ्या मॉडेलमध्ये पहिली जोडी मागच्या आसापासून सुमारे २४ सेंटिमीटरवर आणि दुसरी सुमारे २० सेंटिमीटरवर आहे. १ मीटर त्रिज्येचे वळण घ्यायचे झाल्यास पहिल्या जोडीला साधारण साडेतेरा अंश आणि दुसरीला सव्वाअकरा अंश वळावे लागते. हा फरक साधला नाही, तर एक जोडी दुसरीला रस्त्यावरून फरफटत नेते. सर्व्होपासून, म्हणजे चाके वळवणाऱ्या छोट्या मोटरपासून, निघणाऱ्या दांड्यांची लांबी अर्ध्या अर्ध्या फेऱ्याने कमीजास्त करण्यात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या, आणि त्या मला मुळीच वाया गेल्यासारख्या वाटत नाहीत.

एवढे करूनही पहिल्या दिवशी गाडी वळेना. स्टिअरिंग पूर्ण फिरवले तरी ती नाक सरळ ठेवून वळणाच्या बाहेर जात होती. घरी आणून तिला काचेवर ठेवले आणि प्रत्येक चाकाखाली कागदाची पट्टी सरकवून पाहिली. पहिल्या जोडीखालची पट्टी घट्ट धरली जात होती. दुसऱ्या जोडीखालची मात्र नुसत्या बोटाने ओढताच सहज निघून आली. म्हणजे पुढचा सगळा भार दोनच लहान चाके वाहत होती आणि उरलेली दोन शोभेपुरती फिरत होती. दुसऱ्या जोडीच्या बैठकीत अगदी पातळ वॉशर घालून ती किंचित खाली आणली, तेव्हा कुठे चारही पट्ट्यांना सारखा ताण लागू लागला.

पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकची बॉडी आतल्या बाजूने रंगवायची असते, त्यामुळे चूक झाली तर वरून हात फिरवून ती झाकता येत नाही. मूळ गाडीत चालकाला लहान चाके दिसावीत म्हणून कॉकपिटच्या बाजूला पारदर्शक खिडक्या होत्या. त्या राखण्यासाठी मी आतून टेप लावली, निळ्या रंगाचे पातळ थर प्रत्येक वेळी पूर्ण वाळू देत चढवले आणि शेवटी मागून पांढरा थर दिला, कारण त्याशिवाय निळा रंग मळकट दिसतो. टेप सोलल्यावर खिडकीची कड स्वच्छ निघाली, तो क्षण या सगळ्या कामातला सर्वांत आनंदाचा होता.

दुसऱ्यांदा मोकळ्या काँक्रीटवर नेले, तेव्हा नाक वळणात असे घुसले की मागच्या चाकांची पकड सुटून गाडी गर्रकन फिरली. पुढे चार चाकांची पकड आणि जोर मात्र फक्त मागच्या दोन चाकांना, हे समीकरण बोटाला शिकवावे लागते: ब्रेक सरळ रेषेत संपवायचा, मग वळायचे, आणि नाक वळणातून बाहेर पडण्याच्या दिशेला लागेपर्यंत रिमोटचा, वेग देणारा ट्रिगर अलगदच दाबायचा. मूळ गाडीचे दुखणे मात्र पुढे नेमके उलटे झाले. पुढच्या खास १० इंची टायरचा विकास मागच्या टायरच्या बरोबरीने झाला नाही आणि १९७७ मध्ये ही गाडी मागे पडली.

माझी गाडी अजूनही डाव्या वळणापेक्षा उजव्या वळणात लवकर सुटते. दांड्या पुन्हा मोजल्या, त्या बरोबर आहेत. त्यामुळे आता मागचा बॉल डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, उघडून त्यातल्या गोळ्या आणि कड्या तपासायला घेतल्या आहेत.