मत मांडायला शिकवताना : ऑन्टारिओच्या साक्षरता चाचणीच्या तयारीचा माझा अनुभव

साताऱ्याजवळच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत चौदा वर्षे इंग्रजी शिकवल्यानंतर मी कॅनडातील मिसिसॉगा शहरात राहायला आले, तेव्हा पुन्हा कधी दहावीच्या मुलांची तयारी करून घ्यावी लागेल असे मला वाटले नव्हते. २०२३ च्या डिसेंबरमध्ये आमच्याच इमारतीत राहणारी, वर्षभरापूर्वी नाशिकहून आलेली एक आई शाळेचे पत्र हातात घेऊन माझ्याकडे आली. तिचा मुलगा इथे दहावीत होता आणि वसंत ऋतूत त्याला ‘ओएसएसएलटी’, म्हणजे ऑन्टारिओ प्रांताची माध्यमिक शाळांसाठीची साक्षरता चाचणी द्यायची होती. “ताई, हे आपल्या बोर्डासारखंच असतं का? क्लास लावायला उशीर तर नाही ना झाला?” असे तिने विचारले. दहावी आणि परीक्षा हे दोन शब्द एकत्र आले की आपल्या घरांत जी धास्ती पसरते, ती समुद्र ओलांडूनही तशीच आली होती.

मी आधी स्वतः माहिती करून घेतली आणि मग तिला समजावले. ही चाचणी ‘ईक्यूएओ’ ही प्रांतीय संस्था घेते. नवव्या इयत्तेअखेरपर्यंत सगळ्या विषयांतून मिळून जे वाचन-लेखन यायला हवे ते मुलाला येते का, एवढेच ती पाहते. तिचे गुण विद्यापीठाच्या प्रवेशासाठी धरत नाहीत. गुणांची पट्टी २०० ते ४०० अशी असते, ३०० मिळाले की मूल यशस्वी ठरते आणि शाळेच्या गुणपत्रकात केवळ साक्षरतेची अट पूर्ण झाल्याची नोंद होते. मात्र ही अट पूर्ण केल्याशिवाय माध्यमिक पदविका, म्हणजे शाळा पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र, मिळत नाही, म्हणून चाचणीकडे दुर्लक्ष करूनही चालत नाही. महासाथीच्या काळात शाळा संपवणाऱ्या मुलांना ही अट माफ केली गेली होती, त्यामुळे आमच्या ओळखीच्या काही घरांत ‘मोठ्याला तर काहीच द्यावं लागलं नाही’ असा समज होता आणि धाकट्याच्या तयारीकडे कोणी पाहत नव्हते. त्या आईला धास्ती तरी वाटत होती, या घरांत तेवढीही नव्हती आणि मला त्याचीच अधिक काळजी वाटली.

एका मुलासाठी सुरू केलेल्या शिकवणीचा दोन आठवड्यांत सहा जणांचा गट झाला. जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात दर शनिवारी दोन तासांसाठी अभ्यासाची खोली मिळत असे, तिथे आम्ही बसू लागलो. नाशिकचा मुलगा होता. टोरांटोतच जन्मलेला, घरी मराठी समजणारा पण इंग्रजीतच बोलणारा दुसरा एक मुलगा होता. शेजारच्या ब्रॅम्प्टन शहरातून येणारी दोन पंजाबी मुले, एक श्रीलंकेची तमिळ मुलगी आणि दोन वर्षांपूर्वी अफगाणिस्तानातून आलेली एक मुलगी असे बाकीचे चौघे होते. पदविकेसाठी इथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ४० तासांचे समाजकार्य करावे लागते, त्यामुळे बारावीतल्या दोन मुलीही मदतीला आल्या आणि त्यांची मला फार मदत झाली, कारण त्यांनी ही चाचणी स्वतः दिलेली होती.

चाचणी आता संगणकावर होते. दोन सत्रे असतात, उतारे वाचून बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात आणि काही उत्तरे स्वतःच्या शब्दांत लिहायची असतात, त्यांत एका विषयावर आपले मत मांडणारे परिच्छेद सर्वांत महत्त्वाचे असतात. संस्थेच्या संकेतस्थळावर सरावाच्या चाचण्या विनामूल्य मिळतात. पहिल्या शनिवारी मी तीच चाचणी सर्वांना सोडवायला दिली आणि कोण कुठे अडते ते पाहत बसले.

वाचनात शब्द अडतील असा माझा अंदाज होता, आणि तो चुकला. शब्द फारसे अडले नाहीत, पण उताऱ्यात नसलेली गोष्ट मुले उत्तरात आणत होती. पुढच्या आठवड्यासाठी मी स्वतःच एक छोटा उतारा लिहिला. एक मुलगी बसथांब्यावर उभी आहे. तिसरी बस येऊन निघून जाते. ती खिशातून फोन काढते, पडद्याकडे न पाहताच परत ठेवते आणि रस्त्यापलीकडच्या इमारतीच्या दाराकडे पाहत राहते. ती बसमध्ये का चढत नाही, एवढाच प्रश्न होता. नाशिकच्या मुलाने ‘बसमध्ये गर्दी होती’ हा पर्याय निवडला.

“गर्दी कुठे लिहिली आहे? बोट ठेवून दाखव,” मी म्हटले.

त्याने ओळीवरून बोट फिरवले, शेवटपर्यंत आला, पुन्हा वर गेला. “नाही लिहिलेली, काकू. पण बस सोडतात ती गर्दी असली म्हणूनच ना?”

त्याच्या अनुभवाच्या जगात हे उत्तर अगदी खरे होते. शाळेच्या वेळी नाशिकमध्ये त्याने कितीतरी बस अशाच सोडल्या असतील. ही चाचणी तीन प्रकारांनी प्रश्न विचारते. काही प्रश्नांचे उत्तर उताऱ्यात सरळ लिहिलेले असते, काहींचे न लिहिता सुचवलेले असते आणि काहींमध्ये वाचलेल्या गोष्टीचा आपल्या माहितीशी व अनुभवाशी संबंध जोडायचा असतो. तो तिसऱ्या प्रकारचे उत्तर दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाला देत होता. मी त्याला पुन्हा वाचायला सांगितले, तेव्हा त्याचे बोट ‘दाराकडे पाहत राहते’ या शब्दांवर थांबले आणि तो हळूच म्हणाला, “कोणाची तरी वाट बघतेय.” त्या दिवसापासून ‘बोट ठेव’ हा आमच्या गटाचा नियम झाला. पर्याय झाकून आधी स्वतःचे उत्तर ठरवायचे, ते ज्या शब्दांमुळे सुचले त्यांवर बोट ठेवायचे आणि मगच पर्याय उघडायचे. पंजाबी मुलांपैकी एकाने तर हा नियम मराठीतच उचलला आणि बाकीच्यांची उत्तरे तपासताना तो ‘बोट ठेव, बोट ठेव’ असेच म्हणू लागला.

खरी कसोटी मात्र मत मांडण्याच्या लेखनात लागली. शाळेत मोबाइलवर बंदी असावी का, असा विषय मी दिला होता. नाशिकच्या मुलाने वहीत सुवाच्य अक्षरात दीड पान लिहिले. आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे, या अर्थाच्या वाक्याने त्याने सुरुवात केली होती. पुढे मोबाइलचे फायदे, त्यापुढे तोटे आणि शेवटी प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात, म्हणून मोबाइलचा वापर विवेकाने करावा. व्याकरणाची एकही चूक नव्हती. बंदी असावी की नसावी, ते मात्र त्या दीड पानात कुठेच नव्हते.

ते वाचताना मला फार अवघडल्यासारखे झाले, कारण हीच वाक्ये मी चौदा वर्षे फळ्यावर लिहून दिली होती. निबंधाला भारदस्त सुरुवात हवी, दोन्ही बाजू हव्यात आणि शेवट सगळ्यांना पटेल असा हवा, हे मीही शिकवले होते आणि मुलांनी ते पाठ करून चांगले गुण मिळवले होते. त्या पद्धतीत मुलाची भाषा घोटून तयार होते, हे मी आजही मानते. पण पंधरा वर्षांच्या मुलाला एखाद्या गोष्टीबद्दल नेमके काय वाटते, हे त्या निबंधात आम्ही कधी विचारले नाही.

“तुला स्वतःला काय वाटतं?” मी त्याला विचारले.

“माझं मत इथे कोणाला हवंय, काकू?”

मी त्याच्यासमोर कागदी चाचणीच्या काळातील जुनी प्रश्नपत्रिका ठेवली. मताच्या लेखनात उद्देश आणि वाचक कोण, हे तिथे छापलेले असे, आणि तो वाचक म्हणजे ‘तुमच्या मतात रस असलेली प्रौढ व्यक्ती’ असा उल्लेख असे. त्याने ती ओळ दोनदा वाचली आणि विचारले, “म्हणजे तपासणारे सर?” मी म्हटले, सर समज किंवा आणखी कोणी समज, पण तुला काय वाटते ते खरोखर जाणून घ्यायचे आहे असा कोणीतरी मोठा माणूस समोर बसला आहे असे धर. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला की बंदी नसावी, कारण दुपारच्या सुट्टीत इथे बारा वाजतात तेव्हा नाशिकला रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात आणि आजी झोपण्याआधी त्याच वेळी त्याच्याशी बोलते. संध्याकाळी तो घरी येतो तेव्हा तिकडे पहाट झालेली असते.

मी त्याला तेच लिहायला सांगितले. पहिल्या वाक्यात मत, दुसऱ्या परिच्छेदात आजी आणि साडेदहा तासांचा फरक, तिसऱ्यात वर्गात फोन बंद ठेवून फक्त सुट्टीत वापरण्याची सूचना. तो त्याने लिहिलेला पहिला खरा मतलेख होता. त्यात व्याकरणाच्या चार चुका होत्या आणि आधीच्या दीड पानापेक्षा तो कितीतरी सरस होता.

यानंतर माझ्याकडून एक चूक झाली. सगळ्यांना लवकर जमावे म्हणून मी परिच्छेदाचा पाच वाक्यांचा एक साचा करून दिला आणि पुढच्या शनिवारी सहाही लेख भावंडांसारखे सारखे दिसू लागले. एक घोकंपट्टी काढून मी दुसरी आणून बसवली होती. साचा मी परत घेतला आणि त्याच्या जागी बोलणे ठेवले. लिहिण्यापूर्वी प्रत्येकाने जोडीदाराला दोन मिनिटे आपले मत सांगायचे आणि जोडीदाराने फक्त दोनच प्रश्न विचारायचे, ‘का?’ आणि ‘उदाहरण काय?’

याचा सर्वाधिक फायदा टोरांटोत जन्मलेल्या मुलाला झाला. त्याचे इंग्रजी आमच्या सगळ्यांपेक्षा ओघवते होते, म्हणून त्याची काळजी कोणालाच नव्हती. पण तो दोन ओळी लिहून थांबत असे, कारण बाकीचे तर उघडच आहे असे त्याला वाटे. तो बोलत असताना मी त्याचे शब्द जसेच्या तसे टंकले आणि वाचून दाखवले. आपण एवढे बोललो यावर त्याचा विश्वास बसेना. घरी येता-जाता इंग्रजी बोलणारे मूल लेखनातही तयारच आहे असे पालकांनी गृहीत धरू नये, असे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते.

तपासणी कशी होते हे मुलांना दाखवण्याचा फार उपयोग झाला. कागदी चाचणीच्या काळात मतलेखाला विषयाच्या मांडणीसाठी १० ते ६० आणि भाषेच्या नियमांसाठी १० ते ४० असे दोन स्वतंत्र संकेतांक दिले जात, आणि प्रत्येक पातळीचे खरे विद्यार्थ्यांचे नमुने कारणांसह प्रसिद्ध केले जात. ते संकेतांक झाकून मी नमुने मुलांना दिले आणि त्यांनाच क्रम लावायला सांगितला. शुद्धलेखनाच्या चुका असलेला पण कारणे नीट देणारा लेख वरच्या पातळीवर पाहून तमिळ मुलीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, कारण ती प्रत्येक शब्दाच्या स्पेलिंगसाठी थांबत असे आणि तिचा लेख कधीच पूर्ण होत नसे.

अफगाण मुलीची अडचण वेगळी होती. तिला वाचलेले समजे, पण वेळ लागे. इंग्रजी शिकत असलेल्या विद्यार्थ्यांना जादा वेळ आणि शांत जागा मिळू शकते आणि गरज असल्यास चाचणी पुढेही ढकलता येते, याचा निर्णय शाळा घेते. तिच्या घरी हे कोणालाच माहीत नव्हते आणि तिच्या शाळेनेही फेब्रुवारी संपेपर्यंत काही कळवले नव्हते. बारावीच्या मुलींनी तिच्या आईच्या वतीने पत्र लिहिले, आईने सही केली आणि दोनदा विचारणा केल्यावर जादा वेळ मंजूर झाला. चाचणी पुढे ढकलण्यास मुलगी तयार नव्हती, वर्गातल्या सगळ्यांसोबतच बसायचे असा तिचा हट्ट होता.

चाचणी एप्रिलमध्ये झाली. शेवटचे तीन शनिवार आम्ही फक्त संगणकावर सराव केला, कारण वहीत भराभर लिहिणारा नाशिकचा मुलगा टंकताना एका बोटाने अक्षरे शोधत असे आणि विचार पुढे निघून जात. निकाल जूनमध्ये शाळेतून आले. पाच जण यशस्वी झाले. अफगाण मुलीला २९० गुण मिळाले आणि तिच्या अहवालावर ‘अद्याप यशस्वी नाही’ असा शेरा आला. त्या शेऱ्यात ‘नापास’ हा शब्द नाही याचे मला मोल वाटते, पण दहा गुणांनी हुकल्यावर ती रडायची थांबेना, तेव्हा तो फरक तिला समजावण्यात अर्थ नव्हता. काही दिवसांनी आम्ही पुढचे मार्ग पाहिले. शरद ऋतूत चाचणी पुन्हा देता येते किंवा पुढे साक्षरतेचा एक पूर्ण अभ्यासक्रम शाळेतच घेऊन अट पूर्ण करता येते, ज्यात सारांश, माहितीपर परिच्छेद, बातमी आणि मतलेख असे सगळे लेखन होते. मला अभ्यासक्रम बरा वाटत होता आणि मी तसे सांगितलेही. तिने चाचणीच पुन्हा द्यायचे ठरवले.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी ती ग्रंथालयात माझ्या आधी येऊन बसली होती आणि तिने घरून एक मतलेख टंकून आणला होता. विषयही तिनेच निवडला होता. या देशात नव्याने आलेल्या मुलांना मागणी न करताच ही चाचणी एक वर्ष उशिरा द्यायला मिळावी का, हा तो विषय होता. पहिल्या वाक्यात तिने ‘हो’ म्हटले होते, आणि खाली तीन कारणे होती. दुसऱ्या कारणात तिच्या आईने न वाचता येणाऱ्या पत्रावर केलेल्या सहीचे वर्णन होते.