पूर्वजांचा हिशेब कोणाकडे मागायचा?

३ डिसेंबर, म्हापसा

आज जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर या सोळाव्या शतकातल्या जेझुइट मिशनऱ्याचे फेस्त म्हणजे सण होता. गोव्यातले ख्रिस्ती लोक त्याला ‘गोंयचो सायब’ म्हणतात, आणि आमच्यासारख्या हिंदू घरांतूनही या दिवशी तिथे मेणबत्ती लावायला जाणारे पुष्कळ असतात. मात्र अलीकडे या फेस्ताच्या आसपास मोबाइलवर जे संदेश येतात ते वाचून मन अस्वस्थ होते. २०२४ मध्ये, झेवियरच्या शवाच्या दर दहा वर्षांनी होणाऱ्या प्रदर्शनाच्या तोंडावर, त्या अवशेषांची डीएनए चाचणी करावी अशी जाहीर मागणी झाली, मडगावात लोक रस्त्यावर उतरले, आणि एकाच बाजारात मासळी घेणारी माणसे काही दिवस एकमेकांशी जपून बोलू लागली. ख्रिस्ती माणसाविषयी एवढा राग येतो कुठून, आणि त्या रागामागचे दुःख नाकारल्याशिवाय शेजारी शेजारी सन्मानाने राहायचे कसे, हे आज मला स्वतःपुरते तरी नीट मांडायचे आहे.

रागाला इतिहासात कारण आहे, हे मी प्रथम मान्य करते. माझे कुलदैवत कवळ्याची श्रीशांतादुर्गा. ती मूळची केळशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्याच्या तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या भागांतली देवळे पाडली, तेव्हा केळशीची शांतादुर्गा, कुठ्ठाळीचा मंगेश, वेर्ण्याची म्हाळसा ही दैवते भक्तांनी जुवारी नदीपलीकडे अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा भागात, नेली. तो मुलूख त्या काळी विजापूरच्या आदिलशहाचा होता. म्हणजे आमच्या देवांना आसरा मिळाला तो एका मुसलमान सुलतानाच्या राज्यात, आणि हा तपशील आजच्या संतप्त संदेशांत कधीच नसतो. पोरक्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन बाप्तिस्मा देण्याचा हुकूम १५५९ चा. १५६० मध्ये इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय सुरू झाले आणि मधली मोजकी वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत चालले. ते गोव्यात आणावे असे पत्र झेवियरने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिले होते. प्रत्यक्षात ते आले त्याच्या मृत्यूनंतर. या गोष्टी दडपून जो सलोखा राखला जातो तो मला कच्चा वाटतो, कारण दडपलेली गोष्ट दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून, अधिक विखारी होऊन, परत येतेच.

दिवाळीला पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्याने मला विचारले, “मावशी, ज्यांच्या पूर्वजांनी आपली देवळे पाडली, त्यांच्या फेस्ताला तू जातेस तरी कशी?” त्याच्या विचारण्यात उद्धटपणा नव्हता, त्याला खरोखरच उत्तर हवे होते. त्या वेळी जेवता जेवता बोलणे अर्धेच राहिले.

त्याच्या प्रश्नात एक गृहीत आहे, आणि माझ्या मते ख्रिस्ती लोकांवरच्या रागाचा बराच मोठा भाग त्या एका गृहीतावर उभा आहे. देवळे पाडली ती पोर्तुगालहून आलेल्या सत्तेने, तिच्या सैनिकांनी आणि तिच्या आश्रयाने वावरणाऱ्या मिशनऱ्यांनी. आजचा गोमंतकीय ख्रिस्ती बहुतांशी त्या पाडणाऱ्यांचा वंशज नाही. ज्यांचे देऊळ पाडले गेले त्याच गावकऱ्यांचा तो वंशज आहे. एक भाऊ देव घेऊन नदीपलीकडे गेला आणि दुसरा जमीन व गावकरीचा, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीतला, हक्क राखण्यासाठी मागे राहून ख्रिस्ती झाला, अशी हकिगत अनेक घराण्यांत आजही सांगतात. इन्क्विझिशनचा अधिकार मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांवर चालत असे, त्यामुळे त्याची सर्वांत मोठी झळ या नव्या ख्रिस्त्यांनाच लागली. १७३६ च्या फर्मानाने ख्रिस्ती घरांत तुळस लावायला, हिंदूंच्या रीतीने मिठाशिवाय भात शिजवायला, पुरुषांना धोतर नेसायला आणि बायकांना चोळी घालायला बंदी केली. बंदी घालावी लागली याचा अर्थ सरळ आहे. धर्म बदलून कित्येक पिढ्या लोटल्यावरही त्या अंगणांत तुळस होती, आणि ती लावणाऱ्यांना शिक्षेचे भय होते. छळ सोसलेल्यांच्या पणतूंकडे छळ करणाऱ्यांचा हिशेब मागणे मला अन्याय वाटतो, आणि तो अन्याय आपण इतिहासाच्या नावाने करतो याचे अधिक दुःख होते.

पुढच्या काळाकडे पाहिले तरी हेच दिसते. पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा १७८७ चा पिंटोंचा उठाव गोमंतकीय पाद्र्यांनी रचला होता, कारण वर्णभेदामुळे वरची पदे त्यांच्या वाट्याला येत नव्हती. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना गोमंतकीय राष्ट्रवादाचे जनक म्हणतात. १९४६ मध्ये पोर्तुगीज सरकारने त्यांना अटक करून पोर्तुगालमधल्या पेनिशच्या तुरुंगात धाडले. ख्रिस्ती म्हणजे परक्या सत्तेचा माणूस, असे म्हणणाऱ्याला या नावांचे काय करावे हे सांगता येत नाही.

मला सर्वांत जास्त विचार करायला लावते ते कुंकळ्ळी गाव. १५८३ च्या जुलैमध्ये इथल्या गावकऱ्यांनी जेझुइट या ख्रिस्ती संघाच्या पाच पाद्र्यांना आणि त्यांच्याबरोबरच्या काही ख्रिस्ती लोकांना ठार मारले. त्याआधी गावातली देवळे पाडली गेली होती, आणि आता तिथे चर्च उभारण्यासाठी जागेची पाहणी चालली होती. पोर्तुगीजांनी पुढे गावच्या नायकांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यावर बोलावले आणि त्यांची हत्या केली. चर्चने त्या पाच पाद्र्यांना १८९३ मध्ये धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचे, घोषित केले. त्या नायकांचे स्मारक कुंकळ्ळीत उभे आहे. एकाच घटनेचे हुतात्मे दोन्ही बाजूंना आहेत, आणि दोन्ही बाजूंना त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे. तरीही दर वर्षी फाल्गुनात श्रीशांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण फातर्प्याहून आपल्या मूळ गावी छत्र्यांच्या मिरवणुकीने येते, तेव्हा त्या बारा वांगडांच्या, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या, छत्र्यांबरोबर ख्रिस्ती झालेल्या गावकऱ्यांचे वंशजही चालतात. त्यांनी आपली श्रद्धा सोडलेली नाही, इगर्जीत जाणे सोडलेले नाही. पण ही देवी आपल्याही गावची आहे एवढे त्यांना ठाऊक आहे. सहजीवनाचा मला दिसलेला हा सर्वांत प्रामाणिक नमुना आहे, कारण इथे कोणी इतिहास विसरल्याचे सोंग करीत नाही.

गोव्याबाहेरच्या एका घटनेनेही मला बरेच शिकवले. कुंकळ्ळीच्या त्या हत्याकांडानंतर चौदा वर्षांनी, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी, जपानमध्ये नागासाकी येथे सव्वीस ख्रिस्त्यांना क्रूसावर मारण्यात आले. त्यांच्यात गोन्सालो गार्सिया होते, जन्माने आपल्या वसईचे. पाद्री पुढे येतात आणि त्यांच्या मागून युरोपी फौज येते, असा संशय तिथला सत्ताधीश हिदेयोशी याच्या मनात बळावला होता. त्याच दशकांत गोव्यात क्रूस राज्यकर्त्याच्या हातात होता आणि जपानात तो मरणाऱ्याच्या खांद्यावर होता. धर्मग्रंथ दोन्हीकडे एकच होता. म्हणून मला वाटते की छळाचे मूळ एखाद्या धर्माच्या शिकवणीत शोधण्याआधी सत्ता कोणाच्या हातात आहे आणि तिला कशाचे भय वाटते आहे, हे पाहावे.

आजच्या भारतातले भय धर्मांतराचे आहे. परका पैसा, आमिष, भोळ्या माणसांची फसवणूक हे शब्द मी नातेवाइकांच्या तोंडून नेहमी ऐकते. फसवणूक किंवा जबरदस्ती झाली असेल तिथे ती गुन्हाच आहे. ओडिशाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये त्यासाठी कायदे केले, आणि धर्मप्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितले. पण १९५१ च्या जनगणनेत ख्रिस्ती सुमारे २.३ टक्के होते आणि २०११ मध्येही प्रमाण तेवढेच होते. शिवाय ज्या माणसाला गावच्या विहिरीवर पाणी भरू दिले नाही, त्याने आपण होऊन दुसऱ्या देवाचे दार ठोठावले, तर तो फसला असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे? गावाची जुनी उतरंड त्याच्या जाण्याने हलते, आणि मला वाटते पुष्कळांना खरा राग त्या हलण्याचा येतो. तिकडे गेल्यावरही त्याची जात सुटत नाही, आणि १९५० च्या आदेशामुळे ख्रिस्ती दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, हेही त्याच्याच वाट्याला येते.

या रागाची परिणती कशात होते हे आपण पाहिले आहे. १९९९ च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूर गावात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत जिवंत जाळले गेले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले आणि कुष्ठरुग्णांची सेवा पुढे काही वर्षे चालू ठेवली. २००८ मध्ये एका हिंदू संन्याशाच्या हत्येनंतर कंधमालमध्ये ज्या ख्रिस्ती वस्त्या जाळल्या गेल्या, त्यांतल्या लोकांचा त्या हत्येशी काही संबंध आहे का, हे जाळणाऱ्यांनी विचारलेही नव्हते.

आता मतभेदाविषयी. सगळे धर्म शेवटी एकच सांगतात, असे म्हणून विषय मिटवण्याची आपली सवय मला पुरेशी वाटत नाही. आमच्या शेजारच्या आंटी ख्रिस्ताखेरीज मोक्ष नाही असे मानतात. मी तसे मानत नाही. एकदा मी त्यांना सरळ विचारले, “आंटी, मग माझे काय होणार?” त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “ते देव बघेल, बाय. मी तुझ्यासाठी प्रार्थना करते, एवढेच माझ्या हातात.” मला त्यात अपमान वाटला नाही. त्यांनी आपला विश्वास माझ्यासाठी पातळ केला नाही आणि माझ्यावर लादलाही नाही. त्या चतुर्थीच्या नेवऱ्या आनंदाने घेतात, पण आरतीला उभ्या राहत नाहीत. मी नाताळात त्यांच्याकडची दोदोल आणि बेबिंका खाते, पण मिस्साच्या म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या वेळी ओस्त, ती पवित्र भाकर, घ्यायला पुढे जात नाही. या सीमा आम्ही कधी बसून ठरवल्या नाहीत, पण त्या दोघींनाही ठाऊक आहेत आणि त्यामुळेच आमचे नाते निर्धास्त आहे. मराठी वाचकाला याचे याहून कठीण उदाहरण माहीत आहे. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पुन्हा पतीजवळ राहायला आल्या त्या आपले सोवळे सांभाळून, आणि त्यांनी पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो स्वतःच्या मनाने. जी गोष्ट एका घरात, एका चुलीपाशी, इतक्या वेदनेनंतर का होईना साधली, ती दोन शेजाऱ्यांना साधू नये असे मला वाटत नाही.

ख्रिस्ती बांधवांकडून माझीही एक अपेक्षा आहे. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी चर्चच्या लोकांकडून सत्याच्या नावाखाली झालेल्या बळजबरीबद्दल देवाची क्षमा मागितली. तीच भाषा गोव्याच्या संदर्भात, केळशी आणि वेर्णे ही नावे घेऊन, इथल्या व्यासपीठांवरून ऐकायला मला आवडेल. ती अपराधाची कबुली म्हणून नको, कारण अपराध त्यांचा नाही, तर एकाच दुःखाचे दोन वारसदार म्हणून हवी. आणि मूर्तीला सैतान म्हणणारा एखादा प्रचारक गावात आला, तर त्याला थांबवायला सर्वांत आधी ख्रिस्ती माणसाने पुढे यावे, जसे द्वेषाचे संदेश पाठवणाऱ्या माझ्या नातेवाइकाला आधी मी थांबवायला हवे.

माझी एक मैत्रीण माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. मुलांना एकाच सहलीत जुने गोवे, कुंकळ्ळीचे स्मारक आणि कवळ्याचे देऊळ दाखवावे आणि तिथेच सगळे सांगावे, असे मी तिला संध्याकाळी सुचवले. मुलांची डोकी भडकतील आणि पालक तक्रार करतील, असे तिचे म्हणणे आहे, आणि तिची काळजी खोटी नाही. पण मुलांना पाडलेल्या देवळांची गोष्ट फोनवर कळलेलीच आहे. त्यांना कळलेले नाही ते छत्र्यांबरोबर कोण चालते ते, १७३६ मध्ये तुळशीवर बंदी कोणाच्या अंगणात आली ते, आणि १९४६ मध्ये तुरुंगात कोण गेले ते. हे सांगणारा शिक्षक मिळाला नाही, तर माझ्या भाच्यासारखी मुले उरलेली अर्धी गोष्ट स्वतःच रचतात. मैत्रीण मुख्याध्यापकांशी बोलणार आहे. बरोबर ख्रिस्ती शिक्षकांपैकी एकाने तरी यावे अशी तिची अट आहे, आणि ती मला योग्य वाटते.