आहे, पण मिळत नाही: खोडव्याचा केवडा आणि माझं फेरिटिन

आमच्या मातीत लोह कमी आहे असं कुणी म्हणालं तर मला ते पटत नाही. दख्खनचा काळा बेसॉल्ट झिजून ही जमीन झाली आणि त्या खडकात लोह भरपूर असतं. तरी इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्यावर भिजणाऱ्या आमच्या मळ्यात उसाचा खोडवा, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस, लोहावाचून पांढरा पडत होता. यालाच आम्ही केवडा म्हणतो. त्याच हंगामात माझं हिमोग्लोबिन ९.६ निघालं. मी रोज बाजरीची भाकरी, डाळ आणि पालेभाजी जेवणारी बाई. दोन्हींचा शोध मी एकाच वेळी घेत होते, त्यामुळे मला ते वेगळे काढून सांगता येत नाहीत.

आधी उसाचं. तोडणी झाली, खोडवा चांगला फुटला, आणि मग पोंग्यातली, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळीतली, नवी पानं फिकट निघायला लागली. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. खालच्या कोपऱ्यात उसाच्या काही बेटांत, म्हणजे झुबक्यांत, तर आख्खं पान पांढरंफटक. मामा, म्हणजे माझे सासरे, बांधावरूनच म्हणाले, "पोरी, दोन पोती युरिया फेक, काळोखी येईल." आमच्या भागात पिवळं दिसलं की हाच पहिला उपाय.

पण नत्र कमी पडलं की पिवळेपणा खालच्या, जुन्या पानांपासून सुरू होतो. नत्र झाडाच्या आत फिरतं. जुन्या पानातलं नत्र काढून झाड ते कोवळ्या पानाला देतं. लोह तसं हलत नाही. ज्या पानात गेलं तिथंच राहतं, म्हणून त्याची उणीव आधी शेंड्याला दिसते. आमच्या खोडव्याची जुनी पानं हिरवीगार होती. मी म्हटलं, "मामा, आधी माती तपासू. अहवालात नत्र कमी निघालं तर तुम्ही म्हणाल तेवढा युरिया टाकू." ते लगेच तयार झाले, आणि नमुना घ्यायला स्वतः बरोबर आले. त्यांच्यामुळेच एक गोष्ट कळली: विहीर खोदली तेव्हा निघालेला पांढऱ्या खड्यांचा मुरूम त्याच खालच्या कोपऱ्यात पसरला होता. ही माहिती कुठल्याही प्रयोगशाळेत मिळाली नसती.

म्हणून आम्ही दोन नमुने वेगळे केले, एक चांगल्या भागाचा, एक केवडा पडलेल्या भागाचा. सगळ्या रानाचा एकच नमुना दिला असता तर चांगलं-वाईट एकत्र होऊन मधलाच कुठला तरी आकडा हाती आला असता. नागमोडी चालत जागा ठरवायच्या. बांध, झाडाची सावली, खताच्या ढिगाची जागा टाळायची. इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा घ्यायचा आणि त्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडायची. लोह आणि जस्त तपासायचं असेल तर गंजकं खुरपं किंवा जस्ताचा मुलामा दिलेली बादली वापरू नये, कारण त्याचेच कण नमुन्यात येतात. आम्ही खड्ड्याची कड लाकडी कामटीनं खरवडली आणि माती प्लास्टिकच्या घमेल्यात गोळा केली. ती सावलीत वाळवली, ढिगाचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन काढून टाकले, आणि अर्धा किलो उरेपर्यंत तेच करत राहिलो.

केंद्राच्या मृदा आरोग्य पत्रिकेत (ही योजना २०१५ साली सुरू झाली) बारा घटक असतात: सामू (माती आम्ल की विम्ल ते सांगणारा आकडा), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन ही सूक्ष्म अन्नद्रव्यं. त्यात मुक्त चुना नाही. आमच्यासारख्या चुनखडीच्या जमिनीत तोच आकडा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून मी तो वेगळा मागितला. तुमच्या रानात पांढरे खडे दिसत असतील तर तुम्हीही मागा.

अहवाल आला. खालच्या कोपऱ्याचा सामू ८.५, मुक्त चुना १४ टक्के, सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के, लोह २.९ पीपीएम (दहा लाख भागांत २.९ भाग), जस्त ०.४८. चांगल्या भागात चुना निम्मा आणि लोह ५.१. लोहाची किमान मर्यादा ४.५ धरतात, जस्ताची ०.६. युरिया लागेल इतकं नत्र कमी नव्हतं.

त्या २.९ चा अर्थ लावायला मला वेळ लागला. मातीतलं सगळं लोह मोजलं तर ते पीपीएममध्ये हजारोंनी भरेल. प्रयोगशाळा ते मोजतच नाही. ती डीटीपीए नावाच्या द्रावणात माती हलवते आणि त्यात जेवढं सुटून येईल तेवढंच मोजते. लिंडसे आणि नॉर्वेल या दोघांनी १९७८ साली ही पद्धत मांडली. मुळाला जे मिळण्याजोगं आहे त्याचा हा अंदाज असतो. सामू वाढला, चुना वाढला की लोह फेरिक रूपात घट्ट बसतं, पाण्यात विरघळत नाही. गवतवर्गातली झाडं मुळांतून एक खास द्रव्य सोडून ते फेरिक लोह धरून आणतात, ऊसही त्यातलाच, पण चुना फार झाला की तेही अपुरं पडतं. वरून पाणी साचलं तर आणखी वाईट, आणि आमचा तो कोपरा सखल आहे.

मग उपाय. इथं सरळ फेरस सल्फेट, म्हणजे आपलं हिराकस, मातीत टाकलं तर थोड्याच दिवसांत तेही गंजून फेरिक होतं आणि पैसा मातीत जातो. शिफारस अशी की हेक्टरी २५ किलो फेरस सल्फेट, २० किलो झिंक सल्फेट, १० किलो मँगनीज सल्फेट आणि ५ किलो बोरॅक्स चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून काही दिवस मुरवायचं आणि मग सरीत मुळाजवळ द्यायचं. शेणखतातली सेंद्रिय आम्लं लोहाला धरून ठेवतात, चुन्याच्या तावडीत लगेच जाऊ देत नाहीत. आमच्या अहवालात लोह आणि जस्तच कमी होतं, म्हणून आम्ही ती दोनच दिली. चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या द्रव्यानं धरून विरघळतं ठेवलेलं, लोह घ्यायचं असेल तर नाव वाचून घ्या: ईडीटीए इतक्या जास्त सामूत टिकत नाही, ईडीडीएचए टिकतं, पण ते महाग पडतं.

तातडीनं फवारणी केली. दहा लिटरला ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि १० ग्रॅम सायट्रिक आम्ल. आम्लाशिवाय ते पाणी बघता बघता तांबूस होतं, म्हणजे लोह पंपातच फेरिक झालं. आम्ल असलं की ते फिकट हिरवट राहतं आणि पानात जातं. आठवड्यानं नव्या पोंग्यात हिरवेपणा दिसला. आधीच पांढरी पडलेली पानं मात्र नीट भरली नाहीत, आणि काही बेटं गेली ती गेलीच; तिथं नांगे भरावे लागले, म्हणजे नवी रोपं लावावी लागली.

आता माझं. वर्षभर मला बांध चढताना दम लागायचा, केस मूठभर गळायचे. एका दवाखान्यात तपासणी न करता दर वेळी टॉनिकची बाटली मिळाली. मग तालुक्याच्या गावी एका डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि विचारलं, "माती, खडू, पेन्सिल असलं काही खावंसं वाटतं का?" मी लग्नाआधीपासून पाटीवरची पेन्सिल खाते, हे घरात कुणालाही माहीत नव्हतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की लोह कमी असलेल्या पुष्कळ जणांना ही ओढ लागते, आणि लोह भरून निघालं की ती बहुधा जाते. त्या एका वाक्यानं माझ्या मनावरचं किती ओझं उतरलं ते लिहून सांगता येणार नाही.

बाईला हिमोग्लोबिन निदान १२ हवं. पण डॉक्टरबाईंनी फेरिटिनही करायला लावलं. हिमोग्लोबिन म्हणजे आज चुलीवर शिजतंय ते, आणि फेरिटिन म्हणजे कणगीतलं धान्य. ते १५ च्या खाली गेलं की साठा संपला असं धरतात. माझं ६ होतं. ही तपासणी का महत्त्वाची, तर तांबड्या पेशी लहान दिसणं थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाच्या वाहकांतही असतं, आणि लोह कमी नसताना त्यांनी नुसत्या गोळ्या खाऊन उपयोग होत नाही.

कारणंही शोधली. पाळीत रक्त जास्त जात होतं, त्यासाठी सोनोग्राफी झाली आणि उपचार सुरू झाले. रानात अनवाणी फिरण्यामुळे आकडीकृमी पायातून शिरतात आणि आतड्यात रक्त पितात, म्हणून जंताची गोळी दिली.

आणि मग जेवण. मी डॉक्टरबाईंना म्हटलं, बाजरीत तर लोह असतं ना? त्या म्हणाल्या, असतं, पण मिळत नाही. हेच वाक्य माझ्या मातीच्या अहवालावर आकड्यांत लिहिलेलं होतं! बाजरीतलं, डाळीतलं लोह त्या दाण्यातलंच फायटेट नावाचं द्रव्य धरून ठेवतं. जेवणाबरोबरचा चहा उरलेल्यातलं अर्ध्याहून जास्त अडवतो. आमच्याकडं भाकरी खाल्ली की कप समोर येतोच. आंबट फळातलं क जीवनसत्त्व मात्र फेरिकचं सहज विरघळणारं फेरस करतं आणि आतड्याला ते घेता येतं. पंपात आम्ल का घालायचं ते मी नुकतंच शिकले होते. ताटात लिंबू का पिळायचं ते वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

रसायनशास्त्रातली एक गोष्ट मला तेव्हापासून फार आवडते. पानातलं हरितद्रव्य आणि रक्तातलं हीम यांचं कडं जवळपास सारखंच असतं. हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियम बसतं, हीमच्या मधोमध लोह. हरितद्रव्यात लोह नसतं, पण ते घडवायला झाडाला लोह लागतंच. त्यामुळे ते कमी पडलं की ऊस पांढरा पडतो, आणि माझी पापणीही.

घरात बदल केले ते साधे. चहा जेवणापासून तासाभरानं दूर. मटकी, मूग, हरभरा मोड आणून, कारण मोड आल्यानं फायटेट कमी होतं. ताटात लिंबू, हंगामात पेरू आणि आवळा. आमसुलाची आमटी लोखंडी कढईत. बाजरीचं बियाणं आता 'धनशक्ती' वाणाचं घेतो. इक्रिसॅट या पीक-संशोधन संस्थेनं राहुरीच्या कृषी विद्यापीठाबरोबर काढलेलं हे जास्त लोहाचं वाण. अशा बाजरीची भाकरी महाराष्ट्रातल्या १२ ते १६ वर्षांच्या शाळकरी मुलांना दोन वेळा देऊन पाहिली, तेव्हा त्यांचं फेरिटिन वाढलेलं आढळलं. पण फेरिटिन ६ असताना नुसत्या गूळ-शेंगदाण्यांवर किंवा भाकरीवर बसू नये, हे मी ठामपणे सांगेन. गोळी लागतेच.

मला ती एक दिवसाआड दिली. एक गोळी घेतली की शरीर दुसऱ्या दिवसापुरतं लोहाचं दार आवळून घेतं, म्हणून मध्ये खाडा ठेवल्यानं जास्त शोषलं जातं आणि पोटालाही त्रास कमी. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. सरकारी लोहाच्या गोळीतही फेरस सल्फेटच असतं, पण ते औषधी शुद्धतेचं आणि मोजून दिलेलं. खतांच्या दुकानातलं हिराकस पोटात घ्यायची वस्तू नाही, आणि लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागता कामा नयेत. जास्त झाल्या तर जिवावर बेततं.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.२ झालं. मला वाटलं गोळ्या थांबतील. फेरिटिन तेव्हा १९ होतं, आणि डॉक्टरबाई म्हणाल्या की साठा भरेपर्यंत अजून काही महिने घ्यायच्या. पेन्सिलीची ओढ मात्र त्याआधीच गेली होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला होता. आमच्या वाडीत आता मी बायकांना एवढंच सांगते की हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन मागा.

रानातला चुना काही जाणार नाही. त्या कोपऱ्यात दर लागणीला शेणखतात मुरवलेलं हिराकस द्यावंच लागेल, आणि पाणी निघायला चर काढायचा आहे. पुढच्या लागणीआधी तिथं हिरवळीचं खत म्हणून ताग गाडायचं ठरलंय, मामांनी बियाणं सांगून ठेवलंय. त्याच सुमाराला माझी पुढची तपासणी आहे. धाकट्या जावेलाही घेऊन जाणार आहे. तिच्या पिशवीत परवा पेन्सिलीचा पुडा दिसला.