तुम्ही विचारलंत म्हणून: शिकायला गेला होतात की फिरायला?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, आणि विचारणारे बहुतेक वेळा आईवडील असतात. मुलगा किंवा मुलगी जर्मनीत शिकत असते, शैक्षणिक कर्जासाठी घर तारण ठेवलेले असते, आणि रविवारी रात्री मोबाइल उघडावा तर स्टेटसवर लेकराचा कुठल्यातरी दगडी चौकात मित्रांसोबत काढलेला फोटो दिसतो. मग लग्नात किंवा बाजार समितीच्या आवारात गाठ पडली की अमळनेरकडची वडीलधारी माणसे मला सरळ विचारतात, "भाऊ, तू तठे शिकाले गया व्हता का फिराले?"

या प्रश्नामागची काळजी मला पूर्णपणे मान्य आहे. ज्या घरात कापसाच्या पैशावर वर्षभराची उलाढाल चालते, तिथे परदेशातला एकेक युरो रुपयांत मोजला जातो आणि तो तसा मोजलाही पाहिजे. तरीही माझे उत्तर असे आहे, की मी दोन्हींसाठी गेलो होतो, आणि वर्गात जे शिकायला मिळाले नाही असे बरेच काही मला रूममेट्सबरोबर शहरे पायी पालथी घालताना मिळाले. ते कसे, हे सांगण्यासाठी ब्रेमेन शहरात घालवलेला एक रविवार पुरेसा आहे.

आधी पैशांचे सांगतो. मी हॅनोव्हरला शिकत होतो आणि चौघांच्या सामायिक फ्लॅटमध्ये राहत होतो. प्रत्येकाची खोली वेगळी, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर एकच. एक मुलगा तुर्कस्तानातल्या अदाना भागातला, एक मुलगी कोलंबियाची आणि एक जर्मन मुलगा ओस्नाब्रुकजवळच्या खेड्यातला. हॅनोव्हर ज्या राज्यात आहे, त्या राज्याचे एक दिवसाचे तिकीट मिळते. ते एका तिकिटावर पाच जणांपर्यंत चालते, माणसे वाढली तरी थोडीच रक्कम वाढते, आणि ब्रेमेन हे स्वतंत्र राज्य असूनही ते तिथपर्यंत ग्राह्य धरले जाते. अट एवढीच, की जलद आंतरशहरी गाड्या सोडून प्रादेशिक गाड्यांनीच प्रवास करायचा. कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतरच ते लागू होते, शनिवारी-रविवारी मात्र दिवसभर चालते. म्हणजे एकट्याने गेल्यास महाग आणि चौघांनी गेल्यास स्वस्त, असा सरळ हिशेब होता. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, त्यामुळे खरेदीचा मोह होत नाही. घरून आलेली शेंगदाण्याची चटणी आणि सकाळी लाटलेल्या पोळ्या मी डब्यात घेतल्या, इतरांनी पाव, चीज आणि उकडलेली अंडी घेतली, आणि दिवसभराचे जेवण त्यातच झाले. सिनेमा आणि बाहेरचे जेवण यांना याहून अधिक खर्च आला असता.

ब्रेमेनचे जुने शहर रेल्वे स्थानकापासून पायी जाण्याइतके जवळ आहे. मुख्य चौकात पंधराव्या शतकाच्या आरंभी बांधलेले रथाउस, म्हणजे नगर सभागृह आहे, आणि त्याच्यासमोर 1404 मध्ये उभारलेला रोलांड या योद्ध्याचा दगडी पुतळा आहे. सुमारे साडेपाच मीटर उंचीचा हा योद्धा हातात तलवार घेऊन कॅथेड्रलकडे तोंड करून उभा आहे. बिशपची सत्ता या व्यापारी शहरावर चालणार नाही, असे सांगण्यासाठी नागरिकांनी तो तिथे उभा केला. 2004 पासून रथाउस आणि रोलांड यांना युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा आहे. एवढे कोणत्याही फलकावर वाचायला मिळते, परंतु आमच्या जर्मन सोबत्याने मला पुतळ्याच्या गुडघ्यांकडे बघायला सांगितले. त्या दोन टोकदार गुडघ्यांमधले अंतर म्हणजे ब्रेमेनची जुनी 'एले', कापड मोजण्याचे सुमारे पंचावन्न सेंटिमीटरांचे माप. व्यापाऱ्याने कापड कमी मोजले असा संशय आला, तर गिऱ्हाइकाला भर चौकात येऊन या दगडाशी ताडून पाहता येत असे.

मी तिथे बराच वेळ थांबलो. आमच्याकडे खेडा खरेदीला गाडी आली, की शेतकऱ्याची अर्धी नजर काट्यावर असते. 'काटा मारला' हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि त्यावरून झालेली भांडणेही पाहिली आहेत. सहाशे वर्षांपूर्वी एका गावाने आपले माप दगडात कोरून सर्वांच्या डोळ्यांसमोर ठेवले, ही गोष्ट एखाद्या पुस्तकात वाचली असती तर मी पान उलटून पुढे गेलो असतो.

त्याच चौकाला लागून एक भव्य, कोरीव दर्शनी भाग असलेली इमारत आहे. ती ब्रेमेनच्या कापूस बाजाराची. ही संस्था 1872 मध्ये स्थापन झाली आणि ही वास्तू 1902 मध्ये उभी राहिली. अमेरिका, इजिप्त आणि हिंदुस्थान इथून येणारा कापूस युरोपातील सूतगिरण्यांना पुरवणाऱ्या मोठ्या बंदरांपैकी ब्रेमेन एक होते. माल उतरल्यावर त्याच्या प्रतीवरून खरेदीदार आणि विक्रेता यांच्यात वाद होत, म्हणून प्रत ठरवण्याचे नियम करणे आणि वाद लवादासमोर सोडवणे हे या संस्थेचे मुख्य काम राहिले. आज जर्मनीतील कताई उद्योग फारसा उरलेला नाही, तरी कापसाच्या प्रतीविषयीचे काम आणि दर दोन वर्षांनी भरणारी आंतरराष्ट्रीय कापूस परिषद यांमुळे या शहराचे नाव कापसाच्या व्यापारात टिकून आहे.

रविवार असल्याने दार बंद होते. आम्ही पायऱ्यांशी उभे होतो आणि मी अदानाच्या मित्राला सांगत होतो, की आमच्या घरी कापूस पिकतो, आणि व्यापारी घरी येतो तेव्हा गठ्ठ्यात हात घालून चिमूटभर कापूस बाहेर काढतो. माझे वाक्य पूर्ण होण्याआधीच त्याने दोन्ही हात वर केले, अंगठा आणि तर्जनी यांच्यात नसलेला पुंजका धरला, दोन्हीकडे ओढून तोडला, तुटलेला भाग पुन्हा पहिल्यावर ठेवून पुन्हा ओढला, आणि शेवटी सरळ झालेले तंतू अंगठ्याच्या नखावर आडवे ठेवून त्यांची लांबी डोळ्यांनी मोजली. अदाना हा तुर्कस्तानातील जुना कापूसपट्टा आहे, आणि त्याचे मामा याच व्यवसायात होते. आमच्या ओसरीवर व्यापारी जसे करतो, अगदी तसेच त्याने केले होते. फ्लॅटमध्ये आम्ही एकमेकांशी मुख्यतः भांडी कोणी घासायची याविषयी बोलत असू. त्या पायऱ्यांशी मात्र आम्ही बोंडअळी, पहिली वेचणी, मजुरी, पाऊस, सावकार आणि भाव यांविषयी इतका वेळ बोललो, की उरलेले दोघे कंटाळून पुढे निघून गेले.

ब्रेमेनला जाणारे लोक ज्यासाठी हमखास जातात, तो गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबडा एकमेकांच्या पाठीवर उभे असलेला ब्राँझचा पुतळा रथाउसच्या बाजूलाच आहे. गेऱ्हार्ड मार्क्स यांचे ते काम आहे. गाढवाचे पुढचे पाय धरून इच्छा मागतात, त्यामुळे तेवढेच पाय सोन्यासारखे चकचकीत झाले आहेत. आम्हीही रांगेत उभे राहून फोटो काढला. आईवडिलांना स्टेटसवर दिसतो तो हा फोटो.

तिथून जवळच बॉट्शरस्ट्रासे नावाची लाल विटांची गल्ली आहे. लुडविग रोझेलिउस या कॉफीच्या व्यापाऱ्याने ती 1922 ते 1931 या काळात उभारली. कॅफीन काढून टाकलेली कॉफी बाजारात आणणारी 'काफे हाग' ही कंपनी त्याचीच. दोन घरांच्या कौलारू शिखरांमध्ये चिनी मातीच्या तीस घंटा टांगलेल्या आहेत आणि त्या ठरावीक वेळी वाजतात. कोलंबियाच्या मैत्रिणीच्या आजोळी कॉफीचा मळा आहे. गल्लीचे सौंदर्य तिला आवडले, पण कॉफी विकून अशी गल्ली उभी राहते आणि कॉफीची फळे तोडणाऱ्या तिच्या आजीचे घर अजून पत्र्याचेच आहे, हे तिने तिथल्या तिथे बोलून दाखवले. त्यावर जर्मन मित्राने वाद घातला नाही. त्याने आम्हाला परत स्थानकाकडे नेले आणि त्याच्या मागच्या बाजूच्या बागेतला विटांचा एक प्रचंड हत्ती दाखवला.

जर्मनीने पहिल्या महायुद्धात आफ्रिकेतील वसाहती गमावल्या होत्या. त्यांच्या आठवणीसाठी, त्यांचा अभिमान बाळगून, 1932 मध्ये हा हत्ती उभारला गेला. पुढे शहरात त्यावर बरीच चर्चा झाली आणि 1990 च्या सुमारास त्याच वास्तूला वसाहतवादविरोधी स्मारक म्हणून जाहीर करण्यात आले. हत्ती पाडला नाही, झाकलाही नाही. तो कशासाठी बांधला आणि आता कशासाठी ठेवला आहे, ते बाजूला लिहून ठेवले. आपल्या पूर्वजांचे चुकले असे उघड लिहिणारा समाज मी त्या दिवशी प्रथम पाहिला, आणि मला त्याविषयी मनापासून आदर वाटला. मैत्रिणीचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. परतीच्या गाडीत तिचे आणि जर्मन मित्राचे बोलणे हॅनोव्हर येईपर्यंत चालूच होते, आणि मी ते ऐकत होतो. व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात जागतिक पुरवठा साखळी हा विषय मला होता. त्याचे तक्ते मला पाठ होते. पण साखळीच्या दोन टोकांची माणसे एका डब्यात समोरासमोर बसून बोलताना मी तिथेच ऐकली.

आणखी एक गोष्ट पालकांना सांगितली पाहिजे, कारण मुले ती फोनवर सांगत नाहीत. उत्तर जर्मनीत डिसेंबरमध्ये दुपारी चार-सव्वाचारलाच सूर्य मावळतो. खोलीत एकटे बसून असाइनमेंट करणारा मुलगा आठवडाभर कोणाशी मराठीत काय, कुठल्याच भाषेत मोकळेपणाने बोललेला नसतो. अशा मुलांचे अभ्यासावरून मन उडताना मी पाहिले आहे. ब्रेमेनहून आल्यानंतर आमच्या स्वयंपाकघरात बसून जेवण्याची पद्धत पडली. पुढे मला ताप आला, तेव्हा औषध आणून देणारा तोच अदानाचा मित्र होता. म्हणून मी पालकांना सांगतो, की मुलगा कोणाबरोबर गेला होता आणि तिथे काय पाहिले, हे त्याला खोदून विचारा. त्याला नीट सांगता आले, तर तो दिवस वाया गेलेला नाही. त्याच्याजवळ फोटोंशिवाय काहीच नसेल, तर तुमची शंका रास्त आहे.

त्या रात्री मी घरी फोन केला तेव्हा वडिलांनी चौक, पुतळा, नदी यांविषयी काहीच विचारले नाही. कापूस बाजाराचे नाव काढताच त्यांनी विचारले, "तठला भाव काय शे?" तिथे भाव पुकारत नाहीत, प्रतीवरून झालेले वाद मिटवतात, असे मी सांगितले. मग धाग्याची लांबी कोण ठरवतो, हा त्यांचा पुढचा प्रश्न. आता यंत्रावर नमुना तपासतात आणि लांबी मिलिमीटरमध्ये येते, हे ऐकून ते म्हणाले, की आपल्याकडचा हमीभावही लांबीवरच ठरतो, मध्यम धाग्याचा वेगळा आणि लांब धाग्याचा वेगळा, पण दारावर येणारा व्यापारी लांबीचा आकडा कधी तोंडातून काढत नाही. पुढच्या हंगामात पहिल्या वेचणीचा कापूस घ्यायला गाडी आली, तेव्हा त्यांनी व्यापाऱ्याला पुंजका ओढू दिला आणि भाव सांगण्याआधी, धागा किती मिलिमीटर धरला ते बोला, असे सांगितले. त्या वर्षापासून ते दर वेळी हे विचारतात.