आडवं पडल्यावर काय होतं?

रात्रपाळीला तातडीच्या विभागात ती आली, तेव्हा केसपेपरवर 'खोकला, थकवा' एवढंच लिहिलेलं होतं. जुळ्यांची आई, बाळंत होऊन बारा दिवस झालेले. शेवटच्या महिन्यात बीपी वाढलं होतं. सोबत आलेली तिची आई म्हणाली, "दोन लेकरांचं करायचं, रात्ररात्र जागायचं. दमणारच की, डॉक्टर."

तपासायला तिला आडवं व्हायला सांगितलं. पाच-सहा श्वास झाले असतील नसतील, कॉटचा कठडा धरून ती धडपडत उठून बसली. मानेची शीर टरारून फुगलेली. पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला.

"ताई, घरी कशा झोपता?"

"बसूनच. भिंतीला टेकून."

हे ती पहिल्यांदाच सांगत होती, कारण तोवर कुणी विचारलंच नव्हतं. मला याचाच फार राग येतो. बाळंतिणीला दम लागला की जागरण, अशक्तपणा ही उत्तरं आधीच तयार असतात. पायांवरची सूज, थकवा हे बाळंतपणात असतंही. पण झोपल्यावर जीव घुसमटणं हे कधीच नेहमीचं नसतं.

स्टेथोस्कोप लावला तर दोन्ही फुप्फुसांत खालपर्यंत पाणी साचल्याची बारीक चरचर. ऑक्सिजन लावून लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेतला. हृदयाचा डावा कप्पा फुगलेला, जेमतेम हलणारा. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला या कप्प्यातलं किती रक्त बाहेर फेकलं जातं ते, 25 टक्के. निरोगी हृदयात ते 55 च्या आसपास किंवा वर असतं. झडपा ठीक होत्या, आधीचा हृदयविकार नव्हता. निदान पेरिपार्टम कार्डिओमायोपथी: गरोदरपणाच्या शेवटी किंवा बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हृदयाचा स्नायूच दुबळा पडतो. जुळी मुलं आणि वाढलेलं बीपी, दोन्ही गोष्टी धोका वाढवणाऱ्या. अशा मंदावलेल्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणून गुठळी रोखणारं हेपरिनही सुरू केलं.

पहाटेपर्यंत भरपूर लघवी झाली आणि उशा रचून का होईना, ती झोपली. पुढे एनालाप्रिल आणि बीटा ब्लॉकर या हृदयावरचा ताण कमी करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या.

सहा महिन्यांनंतरच्या इकोत आकडा 55 वर आला. सगळ्याच जणींचं हृदय असं सावरत नाही. रिपोर्ट बघून तिनं विचारलं, "आता गोळ्या बंद?" मी नाही म्हणाले. मग नवऱ्यालाही आत बोलावलं. हृदय सावरलेलं दिसलं तरी पुढच्या गरोदरपणात हा आजार उलटू शकतो, हे दोघांना समोर बसवून सांगितलं, आणि गर्भनिरोधनाचं त्याच दिवशी ठरवून घेतलं.