तीन तऱ्हांचा ऱ आणि हरिहरच्या पायऱ्या

ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधली गडांच्या नोंदींची ऑर्ग फाइल (ऑर्ग म्हणजे त्यातली नोंदी आणि याद्यांची सोय) आता नुसती सजवायची राहिलीय, असं मागच्या वेळी लिहिलं होतं. रविवारी त्र्यंबकहून घरी आलो, फाइलीत ‘पायऱ्या’ शोधलं आणि हरिहर गडाची नोंदच सापडेना! शब्द डोळ्यांसमोर होता; आयसर्च, म्हणजे ईमॅक्सचा शोध, त्याला ओलांडून पुढे जात होतं.

कर्सर त्यावर नेऊन कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स आणि = दाबलं, म्हणजे अक्षरांचे युनिकोड क्रमांक पाहिले, तेव्हा उलगडा झाला. लॅपटॉपवर मी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे दाबतो, तो ऱ म्हणजे ०९३१. गडावर फोनवरून टिपलेल्या नोंदींत र, हलन्त आणि न दिसणारा जोडक, २००डी. जुन्या फाइलींतून चिकटवलेल्या मजकुरात र आणि नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा टिंब. ईमॅक्स २७ पासून अक्षरं जुळवून दाखवायला हार्फबझ आहे, त्यामुळे माझ्या फाँटात तिन्ही हुबेहूब एकच दिसतात.

घाईत सगळे २००डी उडवणारं फंक्शन लिहिलं आणि तिथेच घात झाला. ‘पायऱ्या’ची ‘पायर्या’ झाली ती झालीच, पण अंजनेरीच्या दऱ्यांचा चक्क ‘दर्या’ झाला. डोंगरातली दरी आणि समुद्र, फरक त्या एवढ्याशा आडव्या रफाराचा. मॅगिटमधून, म्हणजे जुन्या आवृत्त्या जपणारं गिट ईमॅक्समधून वापरायच्या साधनातून, फाइल परत आणली. मॅगिट नसतं तर पाच वर्षांच्या नोंदी हाताने दुरुस्त करत बसलो असतो.

मग चार-फोल्ड-इन्क्लूड, म्हणजे शोधताना एका अक्षराऐवजी दुसरंही चालेल असं सांगायची सेटिंग. पण तिथे एकेका अक्षरालाच पर्याय देता येतात; मला ऱ आणि हलन्ताची जोडी हवी होती. शेवटी साधा क्रम लागू पडला: आधी र-हलन्त-जोडक या तिकडीच्या जागी ऱ-हलन्त, मग सुटे कोड जोडून एकसारखे करणारं यूसीएस-नॉर्मलाइझ-एनएफसी-रीजन, म्हणजे नुक्तावाला र आपोआप ०९३१ होतो. हे बिफोर-सेव्ह-हुकला लावलं, म्हणजे सेव्ह करण्याआधी ते आपोआप चालतं. ‘पायऱ्या’ आधी पाच ठिकाणी सापडत होतं, आता चौदा! वेगळं पॅकेज शोधण्यापेक्षा ईमॅक्समध्ये आहे तेच वापरावं, हे माझं मत आणखी पक्कं झालं.

हे लिहितानाच लक्षात आलं, फोनवरून सिंक झालेली फाइल मी कधी नुसती उघडून वाचतो, सेव्ह करतच नाही. तेव्हा हेच फंक्शन फाइल उघडताच चालणाऱ्या फाइंड-फाइल-हुकलाही लावतो. आणि सजावट राहू दे. गडांची यादी लावताना ळ हा ल आणि व यांच्यामध्ये येतोय, वर्णमालेत तो ह नंतर हवा. क्रम लावणाऱ्या ऑर्ग-सॉर्टला स्वतःचं फंक्शन देता येतं. आज रात्री तेच घेतो, सुरुवात कुळंगपासून.