बाबांसाठी घरी बनवलेली पॉवरबँक

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा मी पुण्यात आणि आईबाबा श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या गावी. दुपारी फोन लागेनासा झाला तो पुढे कितीतरी दिवस. वाडीतल्या पोफळी आडव्या झालेल्या, विजेचे खांब पडलेले, टॉवर बंद. टॉवर सुरू झाला तरी बाबांचा फोन बंदच, कारण चार्ज कुठे करणार? शेवटी गावात एकाकडे जनरेटर होता तिथे रांग लावून त्यांनी फोन चार्ज केला आणि मला म्हणाले, आम्ही ठीक आहोत, कौलं गेली, ठेवतो आता, मागे लोक थांबलेत.

नंतर मी त्यांना विकतची पॉवरबँक नेऊन दिली होती. ती कपाटात पडून राहिली आणि पुढच्या पावसाळ्यात काढली तर पोट फुगलेलं. आतलं सगळं चिकटवलेलं, उघडून सेल बदलावा तर तशी सोयच नाही. तेव्हाच ठरवलं की जिचे सेल बाहेर काढून तपासता येतील, एक गेला तर तेवढाच बदलता येईल अशी आपणच बनवायची.

सेल घेतले जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत बहुतेक वेळा १८६५० नावाचे सेल असतात, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब म्हणून ते नाव. सहा सेलच्या पॅकमध्ये दोन-दोनच्या तीन जोड्या एकापुढे एक जोडलेल्या असतात आणि एक जोडी कमजोर झाली की अख्खा पॅक बाद ठरतो, बाकीचे सेल धडधाकट असले तरी. ओळखीच्या रिपेअरवाल्याकडून असे दोन बाद पॅक आणले, म्हणजे बारा सेल.

पॅक उघडताना घाई अजिबात करू नका. मी प्लास्टिक फोडलं ते नीट, पण निकेलची पट्टी पकडीने ओढताना ती वरच्या कडेला टेकली आणि चर्रकन ठिणगी उडाली, बोटाला फोड आला. सेलचं अख्खं पत्र्याचं अंग निगेटिव्ह असतं, अगदी वरच्या पॉझिटिव्ह टोपीभोवतीची कडासुद्धा, मध्ये फक्त एक बारीक रिंग आणि वरचं पातळ प्लास्टिकचं आवरण. ते आवरण जरा जरी फाटलं असेल तर सेल आधी टेपने नीट गुंडाळायचा आणि मगच पुढचं काम.

मग मल्टीमीटर. बारापैकी पाच सेल दोन व्होल्टच्या खाली निघाले, ते सरळ बाजूला काढले. लोक असे सेल हळूहळू चार्ज करून "जिवंत" करतात, मला ते पटत नाही, कारण इतकं खाली गेलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळलेलं असू शकतं आणि परत चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो, आणि मला ही वस्तू आईबाबांच्या घरात ठेवायची होती. उरलेले सात ४.२ व्होल्टपर्यंत, म्हणजे पूर्ण, चार्ज केले, चार्ज होताना दर थोड्या वेळाने हात लावून बघत होते, एक चांगलाच तापला, तो गेला. बाकीचे सहा पंधरा दिवस नुसते ठेवून दिले. पाच ४.१५ च्या आसपास राहिले, एक ३.९ वर उतरला, म्हणजे त्यातलं चार्ज आपोआप उतरतंय, तोही गेला. पाचांची कपॅसिटी टेस्टरवर मोजली. मूळ २२०० एमएएचचे (मिलीअँपिअर-तास, सेलमध्ये किती चार्ज मावतं त्याचं माप) सेल, आता चार जण १७५० ते १८५० च्या मधले आणि एक जेमतेम १३००. ते चार घेतले. बारातले चार, पण त्या चारांवर माझा पूर्ण विश्वास आहे.

बाकी सामान पुण्यातल्या तपकीर गल्लीतून. चार सेलचा पॅरलल होल्डर (सगळे पॉझिटिव्ह एकत्र, सगळे निगेटिव्ह एकत्र), ५ अँपिअरचा फ्यूज आणि आयपी५३०६ चं मॉड्यूल, ज्यात चार्जिंग आणि ५ व्होल्ट आउटपुट दोन्ही एकाच चिपमध्ये होतं आणि चार छोटे दिवे किती चार्ज उरलंय ते दाखवतात. पॅरललमध्ये टाकण्याआधी चारही सेलचं व्होल्टेज एकसारखं हवं, नाहीतर भरलेला सेल रिकाम्यात धो धो करंट ओततो. आणि एक जरी उलटा बसला तर थेट शॉर्ट, म्हणून होल्डरच्या पॉझिटिव्ह बाजूला मी लाल नेलपेंटने ठळक खुणा केल्या.

होल्डरबरोबर आलेल्या वायरी मात्र बारीक होत्या. फोन २ अँपिअरने चार्ज होत असतो तेव्हा सेलच्या बाजूने ३ अँपिअरच्या वर करंट जातो, कारण तिकडे व्होल्टेज कमी असतं. अर्ध्या तासात वायर हाताला लागेल इतकी गरम. त्या कापून टाकल्या आणि जाड सिलिकॉनच्या वायरी सोल्डर केल्या. हे सगळं बसवलं स्विचबोर्डच्या प्लास्टिकच्या बॉक्समध्ये, बाजूने चार भोकं आणि आत दमटपणासाठी सिलिका जेलची पुडी, कोकणात ती लागतेच.

आता आकड्यांचं सांगते कारण यात खूप जण फसतात. माझे चार सेल मिळून साधारण ७२०० एमएएच, पण ते ३.७ व्होल्टला. बाहेर ५ व्होल्ट द्यायचे म्हटल्यावर तेवढीच ऊर्जा ५३०० एमएएचवर येते, त्यात चिपचं नुकसान धरलं तर यूएसबी मीटरवर मला मिळाले ४४३०. विकतच्या पॉवरबँकवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडासुद्धा आतल्या सेलचा असतो, फोनमध्ये जाणारा नाही. बाबांचा बटणांचा फोन यावर चार वेळा भरतो, आईचा स्मार्टफोन एकदा पूर्ण आणि वर थोडा.

गावी नेल्यावर वेगळाच प्रश्न आला. बाबांनी त्यावर रेडिओ लावला आणि अर्ध्या मिनिटात बंद. परत बटण दाबलं, परत बंद. ही चिप लोड फार कमी असला की काही जोडलेलंच नाही असं समजून झोपते आणि बाबांचा रेडिओ खातोच किती! आउटपुटवर ८२ ओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर लावला, म्हणजे ६० मिलीअँपिअर कायम ओढले जातात आणि चिप जागी राहते. पण दिवसभर चालू राहिला तर तो एकटाच जवळजवळ तिसरा हिस्सा चार्ज खाईल, म्हणून त्याला वेगळा स्विच दिला आणि बॉक्सवर मार्करने लिहिलं, "रेडिओ".

चार्जिंगचे नियमही झाकणाच्या आत लिहून ठेवलेत. लादीवरच ठेवायची, गादीवर नाही. रात्री लावून झोपायचं नाही. पावसाळा संपला की चारपैकी दोन दिवे राहतील एवढी ठेवायची, पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवायची नाही. बाबा हे सगळं माझ्यापेक्षा काटेकोर पाळतात, मे महिन्यात सेल काढून मल्टीमीटरने स्वतः मोजतात आणि मला फोनवर आकडे सांगतात, मी इकडे वहीत लिहून घेते.

गेल्या जुलैत गावची लाईट दोन रात्री नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी न राहवून फोन केला तर पहिल्याच रिंगला उचलला.

"अगं, दोन दिवे आहेत अजून," बाबा म्हणाले, "थांब हं, बातम्या लागल्यात."